आधी एकच हत्यार

ताई, नमस्कार.

मी बावीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. मिलिंग, ग्राइंडिंग, फिटिंग, सगळं हाताखालून गेलंय. सहा वर्षांपूर्वी घरी लाकूड कातायचा छोटा लेथ घेतला आणि वेडच लागलं. तयार हत्यारं महाग वाटली म्हणून स्वतः बनवायला लागलो. चौकोनी सळईच्या टोकाला कार्बाइडची, म्हणजे अतिशय कडक धातुमिश्रणाची, चकती स्क्रूने बसवायची आणि मागे लाकडी मूठ. मित्रांनी मागितली, त्यांना दिली, आजवर चौदा झाली. एका हत्याराला दीड तास लागतो. सगळे म्हणतात, विकायला काढ. आता मनात आहे की नोकरी सोडावी आणि बारा हत्यारांचा पूर्ण संच काढावा: पन्हळी पात्याचे रफिंग गाऊज, बाउल गाऊज, स्पिंडल गाऊज, तिरप्या धारेचा स्क्यू, तुकडा पाडायचं पार्टिंग, खरवडायचा स्क्रेपर आणि कार्बाइडचे काही प्रकार. साठवलेल्या पैशातून जुनं मिलिंग मशीन आणि पोलादाला पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला, छोटी भट्टी घ्यायची म्हणतो. बायको म्हणते, आधी कुणाला तरी विचारा. माझं एक हत्यार सोबत पाठवतोय. खरं काय ते सांगा.

— एक लेथवेडा

दादा, तुमचं पत्र आणि हत्यार दोन्ही पोचलं. हत्यार माझ्या लेथवर दोन संध्याकाळी चालवलं, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. आधी वहिनींना सांगा की त्यांनी विचारायला लावलं ते फार बरं केलं. नोकरी आत्ता सोडू नका. भट्टी घेऊ नका. मिलिंग मशीनचा सौदा झाला नसेल तर थांबवा. आणि बारा हत्यारांचा संच डोक्यातून काढून टाका. एक हत्यार विका. एकच, पण असं की ते परत आलं तर तुम्हाला त्याच्याकडे बघायची लाज वाटू नये.

कडक वाटेल, पण हे मी पुस्तकातून काढून सांगत नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी नऊ वर्षं लाकूड कातायची हत्यारं बनवून विकली. तो लोखंडाचं बघायचा, मुठी कातणं, हिशेब आणि गिऱ्हाइकांची पत्रं माझ्याकडे. पहिल्याच वर्षी आम्ही आठ हत्यारांचा संच काढला. का, तर दिसायला छान दिसतो. लाकडी खोक्यात आठ चकाकणारी पाती ओळीने. वर्ष संपलं तेव्हा पार्टिंग टूल संपली होती, स्क्रेपर जवळजवळ संपले होते, आणि मधल्या मापाचे स्क्यू इतके उरले होते की त्यातले काही अजून माझ्या खणात तेल लावून पडलेत. संच घेणारा माणूस बहुतेक नवखा असतो, आणि तो आठातली तीनच वापरतो. जुना कातारी संच घेतच नाही. त्याला एक विशिष्ट हत्यार हवं असतं, कारण त्याचं तेच झिजलेलं असतं. धंदा या दुसऱ्या माणसाच्या जोरावर चालतो. तो परत येतो.

तुमची चौदा हत्यारं मित्रांकडे गेली, पण ती विकली गेली असं मी मोजणार नाही. मित्र नावं ठेवत नाही. स्क्रू सैल झाला तर स्वतःच आवळतो आणि तुम्हाला सांगतसुद्धा नाही. त्यामुळे पुढचे तीन महिने असं करा. तुमची ओळख नसलेले पाच जण शोधा, शक्यतो रोज लेथवर उभे राहणारे, आणि त्यांना पूर्ण किमतीला एकेक हत्यार विका. सवलत अजिबात देऊ नका. सवलत मिळालेला माणूसही मित्रासारखाच गप्प बसतो. दोन महिन्यांनी ती पाचही हत्यारं आठवडाभरासाठी परत मागवा, येण्याजाण्याचा खर्च तुमचा. आणि मग मान खाली घालून बघा. चकतीची कुठली कड झिजलीय? स्क्रूच्या डोक्यातली खाच किती वेळा किल्ली घसरल्यासारखी दिसतेय? सळईच्या खालच्या बाजूला टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या दांडीच्या, घासण्याचे पट्टे कुठवर गेलेत? टोकापासून फार मागे असतील तर माणूस हत्यार रेस्टच्या बाहेर जास्त काढून वापरतोय. म्हणजे तुमची सळई त्या कामाला बारीक पडतेय. तोंडाने जे सांगणार नाहीत ते हत्यार सांगतं.

आता भट्टीचं. टूलरूमवाल्याला हे मी सांगावं म्हणजे जरा आगाऊपणाच, पण लेथची हत्यारं बनवताना भल्याभल्यांचा पाय इथेच घसरतो. साधं कार्बन पोलाद घरी पाणी देता येतं. आठशे अंशांच्या आसपास लाल करायचं, तेलात बुडवायचं, मग दोनशेच्या पुढेमागे तापवून ठिसूळपणा घालवायचा. पण असं हत्यार घेणारा त्यावर धार लावणार ती ग्राइंडरवर. पातळ टोक क्षणात तापतं. पिवळसर रंग दिसला म्हणजे सव्वादोनशेच्या घरात गेलं, निळं झालं म्हणजे तीनशेवर, आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. मग तुमच्याकडे पत्र येतं की धार टिकत नाही. चूक त्याच्या हाताची, नाव तुमचं.

याच कारणासाठी आज चांगली गाऊज आणि स्क्यू हायस्पीड स्टीलची असतात. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट या दोघांनी 1898 नंतर अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यात ही वाट उघडली. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचं हत्यार टोक लाल होईपर्यंत लोखंड कापत राहिलं आणि बघणारे थक्क झाले. ते पोलाद धातूच्या लेथसाठी होतं, लाकूडवाल्यांकडे ते फार उशिरा आलं. त्यातलं आज सगळ्यात चालणारं एम-2 घ्या. सुमारे 6 टक्के टंगस्टन, 5 टक्के मॉलिब्डेनम, 4 टक्के क्रोमियम, 2 टक्के व्हॅनेडियम. ग्राइंडरवर निळं पडलं तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण साडेपाचशे अंशांपर्यंत ते आपला कडकपणा सोडत नाही. पण हेच गुण बनवणाऱ्याच्या मुळावर येतात. त्याला कडक करायला 1200 अंशांच्या आसपास न्यावं लागतं, तिथे तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी दाणा बिघडतो, आणि नंतर साडेपाचशेच्या आसपास दोन-तीनदा टेंपर करावं लागतं, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा काढावा लागतो. हे व्हॅक्यूम फर्नेसचं, म्हणजे निर्वात भट्टीचं, किंवा सॉल्ट बाथचं, म्हणजे वितळलेल्या क्षारांच्या कुंडाचं, काम. तुमच्या मनातल्या छोट्या भट्टीत ते व्हायचं नाही, आणि झालं असं वाटलं तर जास्त वाईट.

आम्ही हे काम बाहेर जॉब वर्कला द्यायचो. पहिल्या खेपेला चाळीस बाउल गाऊज दिले, भावाने महिनाभर खपून पन्हळी पाडलेले. परत आले ते कडक होते, पण त्यातले अकरा वाकलेले. लांब, बारीक आणि एका बाजूला पन्हळ असलेली सळई तापली की वाकते. फर्नेसवाल्याने त्या आडव्या रचल्या होत्या, उभ्या टांगल्या नव्हत्या. आम्ही त्याला तसं सांगितलंही नव्हतं. कडक झालेलं एम-2 सरळ करायला गेलात तर काचेसारखा आवाज येतो. तो आवाज मी दोनदा ऐकला, मग भावाने उरलेली नऊ गुपचूप बाजूला ठेवून दिली.

म्हणून गाऊज तुमचं पहिलं हत्यार नको. कधीच नको असं म्हणत नाही. एक-दोन वर्षांनी कराल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. बाहेरचा उतार गिऱ्हाईक दर थोड्या वेळाने घासून नवा करत असतो, पण पन्हळीची आतली बाजू तुम्ही जशी दिली तशीच जन्मभर राहते. तिथे कटरचे आडवे ओरखडे राहिले तर धार कितीही लावा, भिंगाखाली ती करवतीसारखीच दिसणार. पन्हळ आतून आरशासारखी करणं हेच गाऊजमधलं खरं काम आहे, आणि सगळा वेळ तिथेच जातो. दुसरी गोष्ट मापाची. ब्रिटनमधले कारखाने बाउल गाऊजचं माप पन्हळीच्या रुंदीवर सांगत आले, अमेरिकेत सळईच्या व्यासावर सांगतात. अर्धा इंच सळईचा तोच गाऊज एकीकडे तीन अष्टमांश, दुसरीकडे अर्धा. आमच्याकडे यावरून किती माल परत आला ते सांगत बसत नाही. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहा, वाद मिटतो.

जाता जाता, जुन्या कानशी घासून पटाश्या करून विकायचा मोह कधी होऊ देऊ नका. फुकटात पोलाद मिळतं आणि धारही सुंदर येते, पण कानस ठिसूळ असते. लाकडात अडकली की तुटते, आणि तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही. स्वतःच्या लेथवर स्वतःच्या जबाबदारीवर काय ते करा, दुसऱ्याच्या हातात ती देऊ नका.

तर मग पहिलं हत्यार कुठलं? तुम्ही करता तेच, कार्बाइडचं. पण त्यात तुमचं नेमकं काय आहे ते आधी स्पष्ट बघा. कापणारी चकती तुमची नाही. टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून बनवलेल्या या चौकोनी चकत्या मुळात लाकूड रंधणाऱ्या यंत्रांच्या रोलरवर ओळीने बसवण्यासाठी होत्या. 14 किंवा 15 मिलिमीटरच्या त्या चकत्या कुणालाही मिळतात. तुमच्या शेजाऱ्यालासुद्धा मिळतात, आणि त्याच्याकडे ड्रिल आणि टॅप असेल तर तोही उद्या हेच हत्यार बनवेल. बनवतातच. मग तुमच्याकडून कुणी का घ्यावं? चकतीखालच्या बैठकीसाठी, सळईसाठी, मुठीसाठी, आणि बिघडलं तर तुम्ही फोन उचलता म्हणून. बाकी सगळं विकत मिळतं.

आता तुमच्या हत्याराकडे येते. मूठ सुरेख आहे. मुठीच्या तोंडावरची शेंबी घट्ट आहे, आत चिकटवलेली सळई हलत नाही, आणि मुठीचा फुगवटा बरोबर तळव्यात येतो. माझ्यापेक्षा चांगली कातलीत, मान्य करते. पण तीस सेंटिमीटरच्या सुक्या लाकडाच्या ताटावर कडेकडून घेतलं तेव्हा बारीक कंप जाणवला आणि लाकडावर तिरप्या लाटा उठल्या. स्क्रू आवळून बघितला, घट्टच होता. मग चकती काढली. बैठकीवर निळा मार्किंगचा रंग लावला, चकती बसवून पुन्हा काढली. रंग फक्त दोन कोपऱ्यांना लागला होता, एकमेकांसमोरच्या. म्हणजे तुमची चकती दोन पायांवर उभी आहे आणि मधला स्क्रू तिला वाकवून धरतोय. कार्बाइड दाबाला खंबीर असतं, वाकायला नाही. एखाद्या दिवशी ती चकती स्क्रूच्या भोकातून दुभंगेल.

कारणही दिसलं. मागच्या खांद्याला, जिथे बैठक आणि उभी भिंत मिळतात, तिथे एंड मिलने, म्हणजे मिलिंगच्या कटरने, कोपऱ्यात किंचित गोलाई सोडलीय. चकतीची खालची कड त्या गोलाईवर चढते आणि ती सपाट टेकत नाही. त्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरची आरपार खाच किंवा भोक काढा म्हणजे कड मोकळी बसेल. आणि स्क्रूचं भोक भिंतीकडे केसभर सरकवा, दहावा हिस्सा मिलिमीटर पुरेल, म्हणजे आवळताना स्क्रू चकतीला मागे भिंतीवर ओढून धरेल. तुम्हाला हे सांगावं लागावं असे तुम्ही नाही. कारखान्यातल्या फिक्श्चरमध्ये ही चूक तुम्ही कधीच सोडली नसती. घरी मित्रासाठी करताना माणूस चालवून घेतो.

सळई तुम्ही बारा मिलिमीटरची चौकोनी घेतलीत. निवड चांगली आहे. त्याच मापाच्या गोल सळईपेक्षा ती सुमारे 1.7 पट ताठ असते. पण ती लहान कामाला. रेस्टच्या बाहेर निघालेली लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला टोक आठपट झुकतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खोल भांड्यात आतून कातणारा माणूस दुप्पट नाही, तिप्पट बाहेर काढतो. बारावरून सोळा मिलिमीटरवर गेलात तर ताठपणा तिप्पट होतो आणि लोखंडाचा खर्च पावणेदोनपट. माझं मत असं की तुमचं एकच हत्यार सोळाचं असावं. जड वाटेल, पण जड हत्यार लाकडाचे धक्के गिळतं. खालच्या दोन्ही कडा मात्र गोल करा. तुमच्या सळईच्या तीक्ष्ण कोपऱ्याने माझ्या टूल रेस्टवर एक ओरखडा पाडलाय, आणि त्या खड्ड्यात आता माझा स्क्यू दर वेळी अडखळतो. याबद्दल मी रागावलेली नाही, असं लिहायला हवं म्हणून लिहिते.

जाहिरातीत काय लिहायचं हेही इथेच सांगते. कार्बाइडचं हत्यार खरवडतं. गाऊजसारखा उतार टेकवून तंतू कापत नाही. सळई रेस्टवर आडवी, टोक लाकडाच्या मध्यरेषेवर, इतकं केलं की नवखाही पहिल्या दिवशी भांडं काढतो, धार लावायला शिकावं लागत नाही, कड बोथट झाली की चकती पाव फेरा फिरवायची. हे सगळं खरं आहे आणि छातीठोकपणे लिहा. पण वाटीच्या दोन बाजूंना जिथे तंतू आडवे तुटतात तिथे ते फाटतात आणि सँडपेपर जास्त लागतो, हेही लिहा. "गाऊजची गरजच नाही" असं एका विक्रेत्याने लिहिलेलं मी वाचलं होतं. त्याच्या गिऱ्हाइकांची पत्रं मग माझ्याकडे यायची, धार लावायला शिकवा म्हणून.

सुरक्षेचं मी कमी लिहिणार होते, पण राहवत नाही. तीस सेंटिमीटरचं ताट मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर त्याची कड ताशी छप्पन किलोमीटरने धावत असते, आणि तुमचं हत्यार त्या वेगाच्या वाटेत उभं असतं. पुढेमागे रफिंग गाऊज केलात तर त्याच्या मुठीवरच लिहा की हा फक्त लांब दांड्यांसाठी, भांड्यांसाठी नाही. त्याचं पातं रुंद आणि मुठीत शिरणारा शेपटा निरुंद. भांड्याच्या कडेत तो अडकला की शेपट्यापाशीच तुटतो. प्रत्येक हत्यारासोबत एक कागद द्या, त्यात डोळ्यांवरचं आवरण, रेस्टचं अंतर आणि हत्यार कशासाठी नाही ते. उत्पादनामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा पहिल्या परक्या गिऱ्हाइकाच्या आधी घ्या. आणि तुमच्या स्वतःच्या फुप्फुसांसाठी: कार्बाइड कोरडं घासू नका. त्या धुळीतला कोबाल्ट आत गेला की कायमचा त्रास देतो. मुठींसाठी शिसवासारखी तेलकट लाकडं वापरणार असाल तर त्यांचीही धूळ कित्येकांना सोसत नाही. माझ्या मनगटावर दर वेळी पुरळ यायचं, शेवटी आम्ही साध्या फिकट लाकडावर आलो. विक्रीत काही फरक पडला नाही.

किमतीबद्दल तुम्ही पत्रात एक वाक्य लिहिलंय, एका हत्याराला दीड तास लागतो. तो कातायचा आणि मिल करायचा दीड तास. आता दहा हत्यारं सलग करा आणि घड्याळ लावून प्रत्येक गोष्ट वहीत टाका: सळया आणायला गेलात तो वेळ, आटे पाडताना टॅप तुटला तो, मुठीत चीर निघाली म्हणून दुसरी कातली तो, तेल पुसलं, टोकावर टोपण घातलं, खोकं बांधलं, पत्ता लिहिला, "हे माझ्या लेथला चालेल का" या प्रश्नाला तीन वेळा उत्तर दिलं. आमचा दीड तास असाच अडीच तासांच्या वर गेला होता. त्या वेळेचा दाम तुमच्या आत्ताच्या तासाच्या पगाराने लावा. त्याहून कमी लावलात तर तुम्ही स्वतःच्या धंद्याला पदरमोड करून पोसताय. त्यात माल, वाया गेलेला माल, आणि पुढेमागे दुकानात ठेवायची वेळ आली तर दुकानदाराचा वाटा धरा. आज थेट विकताय म्हणून तो वाटा सोडला आणि उद्या दुकानात गेलात की एक तर किंमत वाढवावी लागते, नाहीतर नफा त्याला द्यावा लागतो. जुनी गिऱ्हाइकं पहिली गोष्ट माफ करत नाहीत.

आलेला आकडा तुम्हाला जास्त वाटेल. मलाही वाटायचा. भाऊ कमी सांगायचा आणि मी मागून बिल वेगळं पाठवायची, यावरून आमची भांडणं व्हायची. ज्यांना तो आकडा जास्त वाटतो ते रोलरच्या चकत्या आणून स्वतः बनवतील, आणि बनवू द्या. त्यांना सुट्टे स्क्रू विका. विनोद करत नाहीये. दुसऱ्या वर्षी आमच्या हातात सगळ्यात सहज पडणारा पैसा जादा चकत्या, स्क्रू, किल्ल्या आणि नुसत्या मुठींचा होता. हत्यार माणूस एकदा घेतो, चकत्या घेतच राहतो. खोक्यात पहिल्यापासून एक जादा स्क्रू आणि एक किल्ली टाका, म्हणजे हरवल्यावर कुणाकडे मागायचं ते त्याला कळेल.

विकायचं कुठे हे तुम्ही विचारलंच नाहीत, आणि खरा प्रश्न तोच आहे. फोटोवरून हे हत्यार विकलं जात नाही, फोटोत सगळ्या सळया सारख्याच. जिथे लाकूड कातणारे जमतात तिथे लेथ लावून उभे राहा आणि हत्यार त्यांच्या हातात द्या, स्वतः जास्त बोलू नका. जो माणूस शेव्या काढता काढता घड्याळ विसरतो तो घेतो. बाकीचे बघतात, मान डोलावतात, जातात. पाठवताना टोकाला रबरी टोपण आणि वर जाड पुठ्ठा घाला. आमचं एक पार्टिंग टूल खोकं भोसकून बाहेर आलं होतं आणि पोचवणाऱ्या माणसाने ते पिशवीत गुंडाळून, दोन बोटांत धरून आणून दिलं.

नोकरी कधी सोडायची? ज्या महिन्यात आलेल्या ऑर्डरींपैकी निम्म्या आधी घेतलेल्यांच्या किंवा त्यांनी पाठवलेल्यांच्या असतील, आणि असे सहा महिने लागोपाठ जातील, तेव्हा हा प्रश्न मला पुन्हा विचारा. तोवर रविवार आणि रात्री. दुसरं हत्यार घ्यायचंच झालं तर जाड स्क्रेपर घ्या. कडक केलेली हायस्पीड स्टीलची चपटी पट्टी तयार मिळते, त्यात पन्हळ नाही, भट्टी नाही, फक्त ग्राइंडिंग, आणि ते तर तुम्ही झोपेतही कराल. दहा मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका.

तुमचं हत्यार उद्या परत पाठवते आहे. चकती मुद्दाम वेगळी बांधलीय आणि बैठकीवरचा निळा रंग पुसलेला नाही, म्हणजे ते दोन कोपरे तुमच्याच डोळ्यांनी दिसतील. बैठक नीट करून पुन्हा पाठवा, मी तेच ताट लेथवर तसंच बांधून ठेवलंय.